मे महिन्यातच पाऊस आला, मग राब कधी भाजायचा?
भिवंडी तालुक्यातील भातशेती आणि पावसाचे बदललेले वेळापत्रक

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी येऊन धडकला. एरवी त्याची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदी पाहिल्या तर इतक्या लवकर तो कधीच आलेला नव्हता. उकाड्याने हैराण झालेल्या शहरातल्या मंडळींना बरे वाटले. पण खाडी ओलांडून भिवंडी तालुक्यात या, पडघ्याकडे जा, दुगाड-अंबाडीकडे जा, नाही तर खारबावच्या बाजूला उतरा. तिथल्या शेतकऱ्याला या पावसाचे काय करावे ते कळेना. राबाचा पालापाचोळा रचून ठेवलेला, तो भिजला. भाजणी राहिली. कोणी धूळवाफेवर रोपे टाकायची म्हणून बियाणे काढून ठेवले होते. तर धूळच उरली नाही, सगळा चिखल.

पाऊस कमी झाला असे आपल्याकडे कोणी म्हणणार नाही. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो हसेल आणि म्हणेल, तुम्हांला कसली चिंता? चिंता आहे ती पावसाच्या वेळेची. चार महिन्यांत सावकाश पडायचा तो चार दिवसांत कोसळतो, मग पंधरा दिवस तोंड दाखवत नाही आणि भात कापून शेतात पसरले की पुन्हा हजर होतो. शास्त्रज्ञ याचे कारण सांगतात ते आपल्या चुलीवरच्या भांड्याइतके सोपे आहे. हवा जितकी तापेल तितकी जास्त वाफ धरून ठेवते, एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त. अरबी समुद्र तापतो आहे, वाफ वाढते आहे, आणि ती वाफ एकदम उतरली की ढगफुटीसारखा पाऊस होतो.

तिन्ही प्रकारचे तडाखे आपण पाहिले आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पुरात भिवंडी शहर आणि आसपासची सखल गावे पाण्यात गेली. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठले. ते किनाऱ्यावर आले नाही, पण त्याच्या पावसाने कोकणातले कापलेले भात शेतातच भिजवले आणि ओंब्यांना कोंब फुटले. आणि तिसरा तडाखा हा २०२५ च्या मे महिन्याचा. एक ऐन हंगामातला, एक कापणीतला, एक पेरणीच्या आधीचा. म्हणजे भाताच्या आयुष्यातला एकही टप्पा आता भरवशाचा राहिलेला नाही.

राबाशिवाय रोप

राब भाजणे ही आपल्या भागातली फार जुनी रीत. शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत आणि वर माती असे थर देऊन रोपाची जागा भाजायची. त्याने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते. इंग्रजांच्या काळात जंगलखात्याने राबासाठी फांद्या तोडायला बंदी घालायला सुरुवात केली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. तेव्हा राबाला नावे ठेवणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. आपले आजे-पणजे काही वेडे नव्हते. पण त्यांच्या वेळी मे महिना कोरडा असायचा आणि डोंगरावर ऐनाची झाडे होती. आता दोन्हींची खात्री नाही.

यावर उपाय आहे तो गादीवाफ्याचा. कोकण कृषी विद्यापीठ आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र (हे केंद्र १९१९ पासून आपल्या भाताचे काम करीत आहे) गेली कित्येक वर्षे हेच सांगत आले आहे. वाफा तीन-चार फूट रुंद, चार बोटे उंच, लांबी शेताप्रमाणे. दोन वाफ्यांमध्ये पाणी निघून जायला चर ठेवायचा. कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळायची. तूस गिरणीवर मिळते, ते घरीच अर्धवट जाळून काळी राख करावी, पांढरी होऊ देऊ नये. बी ओळीत पेरायचे आणि मातीने झाकायचे. पाऊस आधी आला तरी पाणी चरातून निघून जाते, रोप कुजत नाही. एक एकर लावणीला चार गुंठे रोपवाटिका पुरते.

बियाण्याला मिठाच्या पाण्याची अंघोळ घालायला मात्र विसरू नये. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात बी टाकून ढवळा. तरंगेल ते पोचट, काढून कोंबड्यांना घाला. तळाला बसेल ते चांगले. ते स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. हे काम घरातल्या बायाच करतात आणि त्यांचाच हात याला बरा.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना ठाऊकही नसेल, ती म्हणजे रहू. रोपे कुजली, वाहून गेली, की जुनी माणसे बी चोवीस तास भिजत घालीत, मग पोत्यात दडपून उबेला ठेवीत. दीड-दोन दिवसांत मोड येत. ते मोडाचे बी चिखलणी केलेल्या शेतात फेकून देत. ना रोपवाटिका, ना लावणी. विद्यापीठाच्या पुस्तकांतही रहू पद्धतीला जागा आहे. धूळवाफ, राब आणि रहू या तीन तऱ्हा आपल्याकडे होत्या आणि ज्या वर्षी जी जमेल ती करीत. हवामान बदलाला तोंड देणारी शेती म्हणून आज जिचा गाजावाजा होतो तिचे मूळ अशा ठिकाणी सापडते. तेव्हा घरात निदान एका लावणीपुरते हळव्या भाताचे बियाणे राखून ठेवावे. सगळे बी एकाच दिवशी मातीत घालू नये.

लावणीला माणसे कुठून आणायची?

आता खरे दुखणे. भिवंडी एकेकाळी यंत्रमागांची म्हणून ओळखली जायची, आता गोदामांची म्हणून ओळखली जाते. काल्हेर, काशेली, पूर्णा, माणकोली, अंजूर या बाजूला तर जिकडे पहावे तिकडे पत्र्याची छपरे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमणे आपल्याच तालुक्यात. जमिनीला आणखी गिऱ्हाईक आले.

गोदामाने घरात पैसा आणला हे नाकारून चालणार नाही. हिशेब मांडून पहा. एकरी बारा क्विंटल भात धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सर्वसाधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे सगळे मिळून २८,४२८ रुपये, आणि त्यातून नांगरट, लावणी, खत, कापणी, झोडणी वजा करायची. पेंढ्याचे चार पैसे येतील. सुनेला किंवा लेकाला गोदामात महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असेल तर जुलैच्या चिखलात वाकून लावणी करायला कोण येणार? शेत टाकून देणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण भराव पडला की शेजाऱ्याचे पाणी अडते हे त्याने पहावे. ओढे-नाले बुजले, की ज्याने जमीन विकलेली नाही त्याचे भात चार दिवस पाण्याखाली राहते. नुकसान एकाचे, पैसे दुसऱ्याचे, अशी ही गत. भराव टाकण्यापूर्वी पाण्याची जुनी वाट मोकळी ठेवली आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो बजावावा. नाला बुजवून झाल्यावर तहसील कचेरीत घातलेल्या हेलपाट्यांपेक्षा आधी विचारलेला एक प्रश्न स्वस्त पडतो.

ज्यांना शेत राखायचे आहे, पण माणसे मिळत नाहीत, त्यांनी नेरळची वाट धरावी. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत 'सगुणा राईस तंत्र', म्हणजे लोकांच्या तोंडी 'एसआरटी', बसवले आहे. एकदाच साडेचार फुटांवर गादीवाफे करायचे. लोखंडी साच्याने वाफ्यावर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर भोके पाडायची आणि प्रत्येक भोकात तीन-चार दाणे आणि खत टाकून झाकायचे. चिखलणी नाही, रोप नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची, नांगर घालायचा नाही. मुळे कुजतात, गांडुळे येतात आणि जमीन दरवर्षी सुधारते. वाफ्यावर जास्तीचे पाणी थांबत नाही, आणि पावसाने ओढ दिली तर चिखलणी केलेल्या शेतासारखी जमीन भेगाळत नाही. शिवाय भात सतत पाण्यात उभा नसल्याने शेतातून मिथेन वायू कमी निघतो. हा वायू हवा तापवणारा आहे.

आमचे मत विचाराल तर दोन गोष्टींत सावध रहावे. एक, हे तंत्र उंचावरच्या, निचऱ्याच्या शेताला चांगले. ज्या खोलगट खाचरात आषाढभर गुडघाभर पाणी असते, तिथे वाफे करून काय होणार? दोन, यात तणनाशकावर बरीच मदार आहे. तणनाशक हे विष आहे. पहिल्या पावसात ओढ्यावरून शेतात चढणारे वळगणीचे मासे आणि बांधातल्या चिंबोऱ्या हे गरिबाच्या घरचे कालवण आहे. ज्याच्याकडे हातपाय आहेत त्याने निंदणी करावी. ज्याला फवारावेच लागेल त्याने डब्यावर लिहिले आहे तेवढेच, हातमोजे घालून फवारावे आणि रिकामा डबा ओढ्यात टाकू नये. पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवर करून पहा. पाच गुंठे बुडाले तर घर बुडत नाही.

ज्यांना लावणीच करायची आहे त्यांना डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री आहे. तिच्यात तुसाची राख आणि पेंढा शेतात परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या आधी गाडायचा, दोरीवर ठराविक अंतराने लावणी करायची आणि युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्ये बोटभर खोल खोचायची. शेवटचे सूत्र आजच्या पावसात सर्वांत मोलाचे वाटते. फेकून टाकलेला युरिया पहिल्या जोराच्या सरीबरोबर शेजाऱ्याच्या शेतातून खाडीला जातो. गोळी चिखलात राहते आणि पिकाला सावकाश पुरते. एक गोळी २.७ ग्रॅमची. चुडांमध्ये एकदा १५ आणि एकदा २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर धरले, तर गुंठ्याला साधारण ६३० गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलो लागतात. घरात चौथी-पाचवीतली मुले असतील तर त्यांना हा हिशेब करायला सांगा.

खाडीकाठची शेते

खारबाव, आलिमघर, काल्हेर, कोन या बाजूच्या लोकांचे दुखणे निराळे. तिथे समुद्राच्या पाण्याला रोखून जमीन मिळवलेली आहे. बांध आणि बांधातली उघाडी यांच्यावर सगळे शेत उभे असते. ओहोटीला आतले पाणी बाहेर जायचे आणि भरतीला दार आपोआप बंद व्हायचे. एका रात्री बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते, आणि मग मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. राज्यात १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्यानंतर १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा झाला. कायद्याने सरकारी बांधांची व्यवस्था लावली, पण रोज सकाळी बांधावरून फेरी मारून खेकड्याचे बीळ बुजवायचे काम कायदा करीत नाही. पूर्वी हे काम गावाने वाटून घेतलेले असे. समुद्राची पातळी वर चढते आहे, उधाणाची भरती जास्त आत येते आहे. अशा वेळी नेमकी ही फेरी बंद पडावी, याला काय म्हणावे?

खाऱ्या जमिनीसाठी बियाणे आहे. आपल्याकडे काळा रता, भुरा रता असे जुने वाण होते. मोठा लाल दाणा, पण मिठाला दाद देत नसत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण दिले. खाऱ्या शेतात कर्जतचा नाजूक वाण लावून नशिबाला बोल लावण्यापेक्षा हे लावावेत. उधाणाआधी उघाडीचे दार तपासावे. आणि पावसाच्या सुरुवातीला दोन-तीनदा पाणी भरून सोडून द्यावे, म्हणजे वरचे मीठ निघून जाते.

पाण्याखाली बुडूनही जगणारे भात असते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. ओडिशातल्या एका जुन्या वाणात हा गुण सापडला. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो 'स्वर्णा' या आपल्याच देशातल्या वाणात उतरवला आणि २००९ साली 'स्वर्णा-सब-१' भारतातल्या शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो पुन्हा उभा राहतो. तो गरवा आहे आणि पूर्वेकडच्या राज्यांसाठी निवडलेला आहे, म्हणून डोळे झाकून आणू नये. कर्जतला विचारून, थोड्या जागेत पाहून मगच ठरवावे. बांगलादेशात तर शेते बुडाली की लोक जलपर्णीचे तराफे करून त्यावर भाजीची रोपे वाढवतात. आपल्या उल्हास नदीत तीच जलपर्णी माजली आहे आणि आपण तिला शिव्या देतो. अर्थात कारखान्यांच्या पाण्यात वाढलेल्या जलपर्णीवर भाजी करा असे आम्ही सुचवणार नाही.

कापणी : सगळे एका आठवड्यात नको

हळवे भात दसऱ्याच्या सुमारास तयार होते आणि आता नेमका तेव्हाच पाऊस रेंगाळतो. यावर एकच खात्रीचा मार्ग नाही. म्हणून अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. माळाच्या शेतात कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ असा हळवा वाण, मधल्या शेतात कर्जत-५ किंवा जयासारखा निमगरवा, खोलगट खाचरात कर्जत-२ सारखा गरवा, अशी वाटणी केली तर एका पावसात सगळे घर सापडत नाही. शेजारच्या वाडा तालुक्यातल्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याला भावही चांगला येतो, म्हणून सगळेच शेत कोलमचे करणारे आहेत. खाण्यापुरते आणि विकण्यापुरते थोडे लावावे, हे ठीक. उंच वाढणारे जुने वाण वाऱ्यापावसात आडवे होतात हे ध्यानात असू द्यावे.

ओंबीतले दहापैकी नऊ दाणे पिकले की कापावे, सगळे वाळण्याची वाट पाहू नये. हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज आता मोबाईलवर मिळतो. तो पाहून जेवढे दोन दिवसांत झोडून घरात येईल तेवढेच कापावे. वैभव विळ्याने जमिनीलगत कापले म्हणजे खोडकिड्याच्या अळ्याही धसकटात उरत नाहीत. पाच-सहा घरांनी मिळून पायाने चालवायचे मळणी यंत्र आणि एक मोठी ताडपत्री घेतली तर २०१९ सारखी पाळी आलीच, तरी निदान निम्मे भात वाचेल. पीक विम्याचे नियम २०२३ पासून बदलत आले आहेत. एक रुपयात विमा होता तो २०२५ च्या खरिपापासून राहिला नाही. कोणत्या नुकसानीला भरपाई मिळते आणि कोणत्या नाही, हे मुदतीच्या आधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडून तोंडी नव्हे तर कागदावर समजून घ्यावे.

दुसरे पीक आणि मोकाट गुरे

भात निघाल्यावर जमिनीत जी ओल राहते तीवर वाल होतो. हरभराही होतो. भाताने दगा दिला त्या वर्षी पावट्या-वालाच्या दोन पायल्याही घराला आधार देतात. बिरड्याचे वाल मुंबई-ठाण्यात काय भावाने जातात ते बाजारात विचारून पहा. बांधावर तूर टोकली तर जागा मोडत नाही. गाईगुरांना पेंढा आहे, परसात दहा-पंधरा गावठी कोंबड्या आहेत, विहिरीला पाणी असेल तर उन्हाळी भेंडी-काकडी आहे. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून आपल्याच तालुक्यातून नळाने मुंबईला चालले आहे आणि नळाशेजारच्या शेतात मार्चला प्यायला पाणी नाही, ही गोष्ट मात्र पुन्हा कधी तरी सविस्तर लिहू.

वाल करायला अडचण ओलीची नाही, गुरांची आहे. भात निघाले की गावची गुरे मोकळी सोडायची ही पद्धत. एकट्याने वाल पेरला तर तो गुरांच्या पोटात जातो. बायका सांगून थकल्या, पण एकट्याच्या कुंपणाने हे भागत नाही. ज्या गावांना दुसरे पीक हवे आहे, त्यांनी नवरात्रात देवळासमोर बसून ठरवावे की होळीपर्यंत गुरे राखणीनेच चरतील. राखणदाराला घरटी किती भात द्यायचे, गुरे कोणत्या माळावर न्यायची आणि ज्याची गाय वालात शिरेल त्याने काय भरायचे, हेही त्याच बैठकीत, सर्वांसमक्ष ठरावे. बैठकीला बायका हव्यातच, कारण वालाचे बियाणे मडक्यात राख घालून त्यांनीच ठेवलेले असते.